रेषा कोणाची, आवाज कोणाचा?

खरी घटना चित्रे काढून सांगणारा अनुबोधपट हा सिनेमाचा एक उपेक्षित प्रकार आहे. कार्टून म्हणजे पोरखेळ, असा आपल्या समाजात सर्वसाधारण समज आहे. सरकारांनी मात्र त्याला कधीच पोरखेळ मानले नाही. म्हणूनच त्याचा इतिहास वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजले आहे.

आमच्या खानदेशाला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर हे दादासाहेब फाळके यांचे जन्मगाव. १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपून पडद्यावर आणली. जे खरे आहे पण डोळ्यांना दिसत नाही, ते दाखवण्याची ही युक्ती होती.

याच सुमारास दूर अर्जेंटिनात, स्पॅनिश भाषेच्या मुलुखात, किरिनो क्रिस्तियानी हा तरुण व्यंगचित्रकार पुठ्ठ्याच्या आकृत्या हलवून चित्रपट करू लागला. राष्ट्राध्यक्ष इरिगोयेन यांची थट्टा करणारा त्याचा १९१७ चा चित्रपट हा जगातील पहिला पूर्ण लांबीचा कार्टूनपट मानला जातो. पुढच्याच वर्षी त्याने अर्जेंटिनाचे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवल्याची खरी हकीकत पडद्यावर आणली. चित्रपटाच्या नावाचा अर्थ होता ‘मागमूस न ठेवता’. देश महायुद्धात तटस्थ होता. सरकारने चित्रपट जप्त केला आणि आज त्याचा खरोखरच मागमूस उरलेला नाही.

आपल्या सरकारने वेगळा मार्ग धरला. पेन्सिल स्वतःच्याच हातात घेतली. १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले. १९५६ मध्ये डिस्नेचे कलावंत क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे कार्टून विभाग उभा राहिला. फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणे थिएटरांना परवान्याच्या अटीनेच बंधनकारक होते. त्यातून जळगाव-धुळ्याची थिएटरेही सुटली नाहीत. कारागीर गुणी होते, यात शंका नाही. पण चित्र जनतेसाठी आणि निवेदन सरकारचे, अशी ती वाटणी होती.

१९७४ मध्ये विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ आला. जाळ्यासह उडणाऱ्या पाखरांची ती गोष्ट पुढे दूरदर्शनने घरोघरी पोहोचवली. आमच्या पिढीला ती तोंडपाठ आहे. परंतु त्याच्या चारच वर्षे आधी, मे १९७० मध्ये, भिवंडी आणि महाडबरोबर आमचे जळगावही दंगलीत होरपळले होते. न्या. मादन आयोगाने त्याची चौकशी करून सविस्तर अहवाल दिला. एकीचा धडा पडद्यावर आला, दुफळीची चौकशी मात्र कागदावरच राहिली. दोष त्या सुंदर चित्रपटाचा नाही. प्रश्न एवढाच आहे की, दुसरी गोष्ट कोणी काढायची?

याचे एक उत्तर पुन्हा स्पॅनिश मुलुखातूनच मिळते. कोलंबियातील सशस्त्र संघर्षामुळे गाव सोडावे लागलेल्या मुलांच्या मुलाखती आणि त्यांनीच काढलेली चित्रे यांतून २०१० मध्ये ‘छोटे आवाज’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट तयार झाला. चेहरा कोणाचाच दिसत नाही, त्यामुळे कोणाला धोका नाही. आवाज मात्र मुलांचा स्वतःचा.

धुळ्यात ऑक्टोबर २००८ मध्ये दंगल झाली. जानेवारी २०१३ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण मारले गेले. त्या काळी पहिली-दुसरीत असलेली मुले आज जाणती झाली आहेत. जळगावचा १९७० चा काळ आठवणारे बुजुर्ग मात्र एकेक करून कमी होत आहेत. कॅमेरा तेव्हा घरात शिरला नव्हता, आठवण अजून घरातच आहे.

आमची शिक्षकबंधूंना विनंती आहे की, मराठी आणि उर्दू शाळांच्या मुलांनी एकत्र बसून दादी-नानांच्या आठवणी ऐकाव्यात, लिहाव्यात, रेखाटाव्यात. शेजाऱ्याने शेजाऱ्याला लपवून वाचवले असेल, तर तेही काढावे. फाळक्यांची एकेक चित्राची युक्ती आज साध्या मोबाइलवर साधते. खर्च कागद-पेन्सिलीचा आहे. द्वेष न पेरता खरे सांगण्याची तालीम मात्र आम्हा शिक्षकांनाच द्यावी लागेल.