देवगिरीच्या पोटांत

सुटीच्या दिवशीं शिदोरी बांधून मुलांबाळांसह देवगिरीचा किल्ला, म्हणजेच दौलताबाद, पाहावयास जाणारीं कुटुंबें पुष्कळ असतात. छत्रपती संभाजीनगराहून वाट अवघी आठनऊ मैलांची. चांदमिनारापाशीं मान वर करून पाहावयाचें, हत्ती हौदाच्या कांठीं मुलांस आवरावयाचें, चिनी महालाच्या भिंतीवर उरलेले निळ्या फरशांचे तुकडे एकमेकांस दाखवावयाचे, हा क्रम ठरलेला. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशहा हा 1687 नंतर याच महालांत कैदी होता. पण श्रोतेहो, खरा किल्ला याच्याही पुढें, डोंगराच्या पोटांत आहे.

खंदक ओलांडला कीं अंधारी लागते. खडक पोखरून केलेली ही वळणावळणाची भुयारी वाट. डोंगराचे कडे सुमारें 150 फूट उभे तासलेले असल्यामुळें वर जावयास दुसरा मार्गच नाहीं. आंत शिरतांच वटवाघळांच्या उग्र दर्पानें बायका नाकाला पदर लावितात, मुलें वडिलांचें बोट घट्ट धरतात, आणि वडीलही पाऊल चांचपूनच टाकतात. मध्येंच एक फाटा थेट खंदकावर उघडतो. शत्रूनें उजेड पाहून तिकडे धांवावें आणि खालीं कोसळावें अशी ती युक्ति होती, असें वाटाडे रंगवून सांगतात. भुयाराच्या वरच्या तोंडावर लोखंडी झांकण असे. त्यावर अग्नि पेटविला म्हणजे सारी वाट धुरानें कोंडून जाई.

अशा या किल्ल्याचा घात झाला तो कोठारांत. 1296 सालीं अल्लाउद्दीन खिलजी अकस्मात् चालून आला, तेव्हां राजा रामचंद्रदेव यादव किल्ल्याच्या आश्रयास गेला. घाईनें आंत घेतलेल्या गोण्या धान्याच्या नसून मिठाच्या निघाल्या, असें फिरिस्ता लिहितो. फिरिस्ता पडला तीनशें वर्षांनंतरचा. तेव्हां ही हकीकत जरा बेतानेंच घ्यावी. 1633 च्या वेढ्याविषयीं मात्र तसा संशय नाहीं. मोगलांचा सेनापति महाबतखान यानें खालचे कोट सुरुंग लावून फोडले. आंत मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान, आणि नांवाचाच राजा असलेला अल्पवयी हुसेन निजामशहा. विजापूरकरांनीं आंत धान्य पोंचविण्याची शिकस्त केली. शहाजीराजेही त्यांच्या बाजूस होते. पण वेढा कांहीं फुटेना. आंत उपासमार सुरू झाली आणि फत्तेखानानें किल्ला स्वाधीन केला. अंधारी लढून घेण्याची पाळी मोगलांवर आलीच नाहीं. पोरक्या राजाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेंत झाली.

भुयारांतून उजेडांत येऊन आणखी चढलें म्हणजे शहाजहानच्या काळची बारादरी लागते. तेथें वारा भरपूर असतो, आणि विजापूरकरांचें धान्य ज्या मैदानांत अडलें तें सारें खालीं पसरलेलें दिसतें. बहुतेक मंडळी शिदोरी सोडतात ती येथेंच.