टेकनेट सबस्क्रिप्शन काय होतं, ते बंद का झालं आणि आता सर्व्हर कुठे शिकायचा?

दहा-पंधरा वर्षं आयटीत काढलेल्या एखाद्या सिस्टिम अ‍ॅडमिनला विचारा की तुम्ही विंडोज सर्व्हर कशावर शिकलात. बऱ्याच जणांच्या तोंडी टेकनेट हे नाव येईल. आज ते विकत घ्यायला गेलात तर मिळणार नाही.

टेकनेट म्हणजे नेमकं काय होतं?

मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये आयटी प्रोफेशनल्ससाठी ही वार्षिक वर्गणी सुरू केली. पैसे भरले की विंडोज, विंडोज सर्व्हर, ऑफिस, एक्स्चेंज अशी सॉफ्टवेअर डाउनलोड करता यायची आणि त्यांच्या प्रॉडक्ट कीही मिळायच्या. अट एकच होती: हे फक्त तपासून बघण्यासाठी आणि शिकण्यासाठी, कंपनीच्या रोजच्या कामासाठी नाही. अमेरिकेत स्टँडर्ड प्लॅन १९९ डॉलरचा होता. २०१३ च्या मध्यावर डॉलर ६० रुपयांच्या आसपास होता, म्हणजे साधारण १२,००० रुपये. स्वस्त नाही, पण एवढं सगळं सुटं विकत घ्यायचं म्हटलं तर हिशोबच नको!

खरी गंमत किमतीत नव्हती. या कॉपी ३० किंवा १८० दिवसांनी बंद पडत नसत. घरी दोन-तीन सर्व्हरची लॅब एकदा उभी केली की महिनोन्‌महिने तीच वापरायची, मोडायची, परत जोडायची.

मग बंद का केलं?

१ जुलै २०१३ ला मायक्रोसॉफ्टने घोषणा केली. नवीन सबस्क्रिप्शन ३१ ऑगस्ट २०१३ पर्यंतच घेता आलं. आधीपासून सदस्य असलेल्यांना त्यांची मुदत संपेपर्यंत सेवा मिळाली. लोक आता फुकट इव्हॅल्युएशन जास्त वापरतात, असं कारण कंपनीने दिलं. पण कीचा गैरवापर हाही जुना त्रास होता. काही जण टेकनेटच्या की बाहेर विकायचे, म्हणून आधीच्या वर्षांत कीची संख्याही कमी केली गेली होती. चोरी काहींनी केली आणि भुर्दंड शिकणाऱ्यांना बसला, असं माझं मत. टेकनेट चालू ठेवा म्हणून ऑनलाइन याचिकाही झाली, हजारो सह्या झाल्या, पण निर्णय बदलला नाही.

आता काय पर्याय आहे?

समजा तुम्ही येडगावात राहता, कॉलेजला नारायणगावला जाता आणि लॅपटॉपवर सर्व्हर शिकायचाय. मायक्रोसॉफ्टच्या इव्हॅल्युएशन सेंटरवरून विंडोज सर्व्हर १८० दिवसांसाठी आणि विंडोज ११ एंटरप्राइझ ९० दिवसांसाठी फुकट मिळतं. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर एडिशन तर मुदतीशिवाय फुकट आहे, फक्त प्रत्यक्ष धंद्याच्या कामाला वापरायची नाही. हे सगळं व्हर्च्युअलबॉक्समध्ये टाका, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ विंडोजला धक्का लागत नाही. रॅम १६ जीबी असेल तर उत्तम. ८ जीबीवर एका वेळी एकच सर्व्हर चालवा.

डाउनलोड करण्याआधी डेटा बघा! सर्व्हरची फाइल ५ जीबीच्या आसपास असते, आणि मोबाइलचा दिवसाचा दीड-दोन जीबीचा पॅक हॉटस्पॉटवर अर्ध्या वाटेतच संपतो. कॉलेजच्या किंवा मित्राच्या वायफायवर उतरवून पेनड्राइव्हवर आणलेलं बरं. एकदा उतरवलेली फाइल जपून ठेवा. मुदत संपली की तिच्यावरूनच नवीन व्हर्च्युअल मशीन बनवता येतं.

मुदत संपल्यावर सर्व्हर दर तासाला आपोआप बंद होतो. त्यामुळे इन्स्टॉल केल्याची तारीख लिहून ठेवा आणि केलेली सेटिंग्ज वहीत किंवा पॉवरशेल स्क्रिप्टमध्ये उतरवा. टेकनेटवाल्यांना ही सवय लावावी लागत नव्हती, आपल्याला लागते. दर सहा महिन्यांनी लॅब नव्याने उभी करावी लागते, त्यात हात मात्र चांगला बसतो.

आणि हो, तीनशे-चारशे रुपयांत 'लाइफटाइम ओरिजिनल की' विकणाऱ्या जाहिराती तुम्हाला दिसतीलच. अशा की कुठून आल्या हे विकणारा सांगत नाही. कंपनीने ती की ब्लॉक केली तर तुमचे पैसेही गेले आणि विंडोजही परत 'अ‍ॅक्टिव्हेट करा' म्हणायला लागलं. त्यापेक्षा १८० दिवस फुकट घ्या.