शिरूरची घटना आणि एक अनुत्तरित प्रश्न

स्त्रीची मासिक पाळी कायमची थांबवावी का, आणि थांबवायची तर कोणत्या मार्गाने, हा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम जाहीरपणे चर्चिला गेला तो एका दुःखद घटनेमुळे. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील मतिमंद मुलींच्या संस्थेतून दहाहून अधिक मुली व तरुणींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेण्यात आले आणि त्यांची गर्भाशये काढण्यात आली. कारण आजाराचे नव्हते. या मुलींना पाळीच्या दिवसांतील स्वच्छता राखता येत नाही, असे सांगण्यात आले. स्त्री-संघटनांनी आवाज उठविला, राज्यभर वादळ उठले आणि पुढील शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या.

सांभाळ करणाऱ्यांची अडचण खोटी नव्हती. अपुरे कर्मचारी आणि अपुऱ्या सोयी यांमध्ये अशा मुलींची शुश्रूषा करणे कष्टाचे असते. घरी मतिमंद कन्या असलेल्या मातेला हे सांगावे लागत नाही. परंतु विरोधकांचा सवालही बिनतोड होता. जिला स्नानासाठी व शौचासाठी रोजच मदत लागते, तिला पाळीत मदत करण्याऐवजी शस्त्रक्रिया का? शिवाय गर्भाशय काढल्याने अत्याचार टळत नाही; गर्भधारणेतून उघड होणारा त्याचा पुरावा मात्र नाहीसा होतो.

वैद्यकशास्त्राजवळ इतर मार्ग होते. १९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेल्या गोळीच्या शिल्पकारांपैकी डॉ. जॉन रॉक हे श्रद्धावंत कॅथलिक होते. गोळ्यांमध्ये दरमहा खंड ठेवला जाई, त्यामुळे रक्तस्राव होत असे. तो खंड शरीराला आवश्यक नव्हता. खंड न पाडता गोळ्या घेतल्यास बहुधा पाळी थांबते. मात्र रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असणाऱ्या स्त्रीला त्या वर्ज्य ठरू शकतात, आणि फिट्सवरील काही औषधांमुळे त्यांचा परिणाम घटतो. दर तीन महिन्यांनी घ्यावयाच्या इंजेक्शनाने वर्षभरात सुमारे निम्म्या स्त्रियांची पाळी थांबते; परंतु ते दीर्घकाळ घेतल्यास हाडांची घनता कमी होते. गर्भाशयात बसविण्याचे संप्रेरकयुक्त साधन अनेक वर्षे टिकते व रक्तस्राव पुष्कळ कमी करते. ते तांबीपेक्षा वेगळे आहे; तांबीने रक्तस्राव वाढू शकतो. हे तिन्ही उपाय बंद करता येतात. इंजेक्शनानंतर पाळी परत येण्यास काही महिने लागू शकतात, एवढेच. गर्भाशय काढण्याला मात्र परतीची वाट नाही.

ख्रिस्तसभेची भूमिका येथे अनेकांना वाटते तितकी कठोर नाही. पोप पायस बारावे यांनी १९५८ साली, आणि पोप पॉल सहावे यांनी २५ जुलै १९६८ च्या ‘ह्युमॅने व्हिटे’ या विश्वपत्राच्या १५ व्या परिच्छेदात, आजार बरा करण्यासाठी आवश्यक असलेला उपचार ग्राह्य मानला. त्यामुळे गर्भधारणेस अडथळा येणार असला तरी तो हेतुतः साधलेला नसावा, एवढीच अट घातली. अतिरक्तस्रावाने खंगणाऱ्या स्त्रीने औषध घेताना मनात अपराधभाव बाळगण्याचे कारण नाही. निरोगी अवयव इतरांच्या सोयीसाठी काढणे ही मात्र निराळी गोष्ट.

शिरूरनंतर पाव शतकाने तोच प्रश्न बीड जिल्ह्यात उभा राहिला. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने ऊसतोडणी करणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीमुळे खाडा झाला की मजुरी बुडते व वर दंड बसतो, फडात ना पाणी ना आडोसा, आणि साध्या दुखण्यावरही शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो. या स्त्रियांनी संमती दिली होती. पण कर्ज आणि भीती यांच्या दडपणाखाली दिलेली संमती कितपत मोकळी मानावी? ऐन तारुण्यात गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले, तर हाडे व हृदय यांना धोका वाढतो.

कायदा हळूहळू जागा झाला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने चंदीगडच्या एका प्रकरणात मतिमंद स्त्रीच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करण्यास नकार दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीच्या मुक्त व समजून दिलेल्या संमतीविना तिला वंध्यत्व आणणारा वैद्यकीय उपचार करता येत नाही.

आपल्या रत्नागिरीतही प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि आपल्या धर्मग्रामांतील काही घरांत अशा लेकी आहेत. त्यांच्या मातापित्यांना उपदेशापेक्षा मदतीचा हात हवा आहे. निर्णयाची वेळ आलीच, तर आधी परतीची वाट असलेला उपाय तपासावा, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, आणि मुलीला जेवढे समजते तेवढे तिला विचारावे. शिरूरच्या मुलींना ते कोणी विचारल्याची नोंद इतिहासाने जपलेली नाही.