दफ्तर, देऊळ आणि मिसरी भाषा

प्राचीन मिसरी भाषेच्या लेखनाचा सर्वांत जुना पुरावा कोठारातील मालाला बांधलेल्या चिठ्ठ्यांवर मिळतो. इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचे एक राजथडगे अबायडॉस येथे जर्मन उत्खननकारांनी १९८८ साली उघडले, तेव्हा त्यात हाडाच्या व हस्तिदंताच्या, दोरा ओवण्यासाठी भोक पाडलेल्या लहान लहान पट्ट्या निघाल्या. त्यांवर कुठे आकडे, तर कुठे पक्षी, हत्ती, झाड अशी चिन्हे कोरलेली असून, माल कोणत्या गावाहून अथवा मिळकतीतून आला याची ती नोंद असावी, असा विद्वानांचा तर्क आहे. देवादिकांचे मंत्र त्यानंतर आठ-नऊशे वर्षांनी, सक्कारा येथील उनास राजाच्या पिरॅमिडच्या भिंतींवर उमटले. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण या भाषेच्या प्रदीर्घ चरित्रात जिवंत बोलीला लेखणीपर्यंत आणण्याचे काम बहुधा कारकुनाने केले आणि जुने जपून ठेवण्याचे काम पुरोहिताने.

कुळाने ही भाषा अरबी, हिब्रू, बर्बर यांची दूरची आप्त. व्यंजनांवर शब्दाचा अर्थ तोलावयाचा आणि स्वर लिहावयाचेच नाहीत, हा तिच्या लेखनाचा शिरस्ता. त्यामुळे ‘तो ऐकतो’ या अर्थी लिहिलेली स्, ज्, म्, फ् ही चार व्यंजने आजचे अभ्यासक ‘सेजेमेफ’ अशी उच्चारतात, ती केवळ सोयीसाठी. इ.स.पू. २००० च्या आगेमागे जे रूप रूढ झाले, ज्यात परागंदा झालेल्या सिनुहेची कथा लिहिली गेली, तेच पुढे अभिजात ठरले, आणि लोकांच्या मुखातील भाषा कितीही पुढे गेली तरी देवळांच्या भिंतींवर त्याच जुन्या व्याकरणाचा हव्यास रोमन अमलापर्यंत चालला. लिपीचेही दोन संसार होते. दगडावर चित्रलिपी, आणि पपायरसवर बोरूने भराभर ओढलेली तिची हिएरॅटिक वळणे: आपल्याकडे पोथीला बालबोध आणि दफ्तराला मोडी असे, त्या जातीचीच ही विभागणी.

इ.स.पू. चौदाव्या शतकात, आतेन या एकाच देवाचा ध्यास घेतलेल्या अखेनातेनाच्या कारकीर्दीत, बोलीने राजशासनांतून उघडपणे डोके वर काढले. तिचे घरगुती रूप पाहावयाचे असेल तर मात्र राजवाड्यात न जाता थीब्झसमोरच्या पश्चिम तीरावरील देर अल्-मदीना या, राजथडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या वस्तीत गेले पाहिजे. तेथील लेखनिकांनी चुनखडीच्या कपच्यांवर उसनवारीचे तंटे, गाढवांचे व्यवहार, धुण्याच्या याद्या, असे सर्व काही टिपून ठेवले आहे. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या राज्यवर्षाचा एक हजेरीपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात नावापुढे तारीख आणि तारखेवर तांबड्या शाईने गैरहजेरीचे कारण घातलेले आहे: कोणाला विंचू चावला, कोणाचे डोळे आले, कोणी बीअर गाळण्यात गुंतला, तर कोणी मेलेल्या आईच्या देहाला वस्त्रे गुंडाळीत होता. तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी धान्याचा मुशाहिरा थकला म्हणून याच कारागिरांनी काम टाकून देवळामागे बैठक मारली, तीही हकीकत लेखनिकाने दप्तरी लावली. मला राजांच्या विजयस्तंभांपेक्षा या कपच्या अधिक मोलाच्या वाटतात. अभिजात भाषेत ‘त्याचा भाऊ’ म्हणण्यास ‘सेनेफ’ पुरे होई. येथे सर्वनाम शब्दाच्या शेपटीवरून उठून पुढे आले, आणि त्याच मार्गाने दीड हजार वर्षांनी ‘पेफ्सोन’ हे कॉप्टिक, म्हणजे ख्रिस्ती काळातील मिसरीचे, रूप सिद्ध झाले. ‘सेजेमेफ’ मधला शेवटचा फ् तसाच सरकत सरकत क्रियापदाच्या आधी गेला व ‘एफ्सोतेम’ झाला.

इ.स.पू. ६५० च्या सुमारास, साम्तिक राजाच्या काळी, कारकुनांची घाई आणखी वाढून डेमॉटिक ही नवी लपेटी लिपी प्रचारात आली आणि खतपत्रे, करारमदार, वसुलीच्या पावत्या तिच्यात होऊ लागल्या. परंतु टॉलेमी या ग्रीक राजवंशाच्या अमदानीत वरिष्ठ दफ्तराची भाषा ग्रीक झाली, आणि रोमन अमलाच्या पहिल्या शतकात डेमॉटिक खते जवळजवळ नाहीशी झाली. सरकारदरबारी मान उरला नाही, तेव्हा ती लिपी देवळाच्या आश्रयाला गेली. फिले बेटावर एका पुजाऱ्याने २४ ऑगस्ट ३९४ रोजी चित्रलिपीतील शेवटचा ज्ञात लेख कोरला. डेमॉटिकचा शेवटचा लेखही तेथलाच, ४५२ सालचा.

भाषा मात्र जिवंत होती. ख्रिस्ती उपदेशकांना धर्मग्रंथ लोकांना वाचून दाखवावयाचा होता. त्यांनी ग्रीक वर्णमाला घेतली, ग्रीकांना नसलेल्या ध्वनींसाठी डेमॉटिकमधील सहा-सात अक्षरे तीत मिळविली, आणि सहस्रावधी वर्षे मुके राहिलेले स्वर या कॉप्टिक लेखनात नित्यनेमाने उमटू लागले. ६४१ साली अरबांनी देश जिंकला, तरी काही दशके कागद ग्रीकमध्येच चालले. ७०६ च्या सुमारास सुभेदार अब्दुल्ला इब्न अब्द अल्-मलिक याने दिवाणाची भाषा अरबी केल्यावर हिशेबनीस कॉप्ट मुले अरबी शिकू लागली. दहाव्या शतकात तर सेवेरस इब्न अल्-मुकफ्फा या बिशपालाही आपल्या धर्माचे विवेचन अरबीत करणे भाग पडले. घरातून निघालेली भाषा चर्चच्या प्रार्थनेत टिकली, आणि तिथल्या पंडितांनी अरबी अर्थांसह शब्दसंग्रह व व्याकरणे रचून ठेवली. अशी काही हस्तलिखिते पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी (पुढे १६२३ साली सुरत व गोवे पाहून गेलेला तोच) मिसरमधून घेऊन गेला. त्यांच्या आधारे किर्खर या विद्वानाने १६४३ साली रोमला कॉप्टिकचा कोश छापला. चित्रलिपीविषयी किर्खरने जे तर्क केले ते बहुतेक हास्यास्पद आहेत, पण या एका ग्रंथाचे उपकार मोठे.

कारण एकच मजकूर चित्रलिपी, डेमॉटिक व ग्रीक यांत कोरलेली रोझेटाची शिळा १७९९ साली सापडली तरी शिळा स्वतः बोलत नव्हती. इंग्रज टॉमस यंगने टॉलेमीचे नाव हेरले आणि तो तेथेच अडखळला. फ्रेंच अभ्यासक शांपोलियाँजवळ मात्र किशोरवयापासून घोटलेली कॉप्टिक होती. १८२२ च्या सप्टेंबरात अबू सिंबेलच्या एका राजनामाची नक्कल त्याच्या हाती आली. आरंभी सूर्यबिंब, कॉप्टिकमध्ये सूर्य म्हणजे ‘रे’. शेवटी दोन स्. मधले चिन्ह शिळेवर ‘जन्मदिवस’ या ग्रीक शब्दाशी जुळणारे, आणि कॉप्टिकमध्ये जन्म देणे म्हणजे ‘मिसे’. रामसेस! दफ्तराने टाकलेली आणि पाद्र्यांनी अर्थही न उमजता गाइलेली भाषा अशी कामी आली.

मिसरचा शेतकरी, मग तो मुसलमान असो वा ख्रिस्ती, पेरणी-कापणीची वेळ आजही कॉप्टिक महिन्यांवरून सांगतो. त्यांतला पहिला तूत हा लेखनिकांचे दैवत जो थोथ, त्याच्या नावाचा आहे.