बंब पोहोचण्यापूर्वीची मिनिटे : नागपूर आणि आगीचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/ देशाला अग्निशमनाचे शास्त्र शिकवणारे राष्ट्रीय महाविद्यालय नागपुरात आहे. तेथून सुमारे साठ किलोमीटरवर, ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर, भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके दगावली. बरोबर तीन महिन्यांनी, ९ एप्रिलच्या रात्री, नागपूरला लागून असलेल्या वाडीतील एका कोविड रुग्णालयात आगीने चार बळी घेतले. ज्ञान इतके जवळ असताना असे का घडले? उत्तरासाठी इतिहासात मागे जावे लागते. #थ्रेड

२/ प्रारंभ १८६४ पासून करू. त्या वर्षी नागपूरकर भोसल्यांचा राजवाडा जळाला. काळ्या दगडाची ही वास्तू कोरीव लाकूडकामाने नटलेली होती. वैभवाची खूण असलेले लाकूडच आगीचे खाद्य ठरले. मागे उरला तो नगारखान्याचा भव्य दरवाजा. पुण्याचा शनिवारवाडाही १८२८ मध्ये असाच भस्मसात झाला होता आणि तेथेही दगडी तट, दरवाजे तेवढे राहिले.

३/ योगायोग असा की, नागपूरची नगरपालिका स्थापन झाली तीही १८६४ मध्येच. अंबाझरी तलावाचे पाणी नळांनी शहरात येण्यास मात्र १८७० चे दशक उजाडावे लागले. तोवर आग विझवायची म्हणजे विहीर किंवा तलाव गाठायचा आणि हातोहात पाणी आणायचे. आगीचा वेग आणि माणसाचा वेग यांतील ही शर्यत बहुधा आगच जिंकत असे.

४/ १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला ‘भारताची सम्राज्ञी’ घोषित केले गेले, तो हाच दिवस. गिरणीचे नावही त्यावरून पडले. कापसाच्या गिरणीत आगीला निमंत्रण देणाऱ्या साऱ्या गोष्टी एकत्र नांदतात : हवेत तरंगणारे तंतू, तेल पाजलेली यंत्रे, घर्षणाची उष्णता. त्यात विदर्भाचा कोरडा, होरपळणारा उन्हाळा.

५/ या गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रणा आणि आग विझवणारे स्वयंचलित स्प्रिंकलर बसवले गेले. टाटा समूहाच्या इतिहासात ही भारतातील पहिली स्प्रिंकलर यंत्रणा मानली जाते. स्प्रिंकलर तेव्हा जगातही नवे होते. अमेरिकेतील न्यू हेवन येथील पियानो कारखानदार हेन्री पार्मली याने १८७४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे फ्रेडरिक ग्रिनेलने त्यात मोठी सुधारणा केली.

६/ यंत्रणा साधी आहे. छतालगत पाण्याने भरलेले नळ असतात आणि त्यांना ठरावीक अंतरावर तोंडे असतात. जुन्या पद्धतीत प्रत्येक तोंड कमी उष्णतेत वितळणाऱ्या मिश्रधातूने बंद केलेले असे. साधारण ७० अंश सेल्सिअसला तो धातू वितळतो आणि जेथे आग आहे, नेमक्या तेथेच पाणी कोसळते. कोणी जागे असण्याची वा बंब येण्याची वाट पाहावी लागत नाही.

७/ गिरण्यांनी ही यंत्रणा इतक्या लवकर स्वीकारण्यामागे विम्याचा हिशेबही होता. कापसाच्या गाठींना किंमत होती आणि संरक्षण असलेल्या इमारतीचा हप्ता कमी बसत असे. लंडनमध्येही १६६६ च्या महाआगीनंतर पहिली संघटित अग्निशमन पथके विमा कंपन्यांनीच पोसली. जेथे नुकसानीचा आकडा मांडता येत होता, तेथे संरक्षण आधी पोहोचले.

८/ १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके. दुपारपासून जवान पाण्याचा मारा करत होते. चारच्या सुमारास पहिला प्रचंड स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

९/ त्या दिवशी शौर्याची उणीव नव्हती. चूक जहाज भरतानाच झाली होती : कापूस आणि दारूगोळा एकत्र. स्वातंत्र्यानंतर अग्निशमनाच्या शास्त्रशुद्ध प्रशिक्षणासाठी १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय स्थापन झाले आणि १९५७ मध्ये ते नागपूरला आले. देशभरातील अधिकारी तेव्हापासून येथे घडत आहेत.

१०/ कायदाही आला. ७४ व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन हा विषय स्थानिक संस्थांच्या यादीत घातला. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा. अंमल २००८ पासून. यंत्रणा बसवणे व ती चालू ठेवणे ही जबाबदारी इमारतीचा मालक वा भोगवटादार याची. ती सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत द्यायचे असते.

११/ आता पुन्हा भंडारा. कक्षात १७ बालके होती, सात वाचली. मृतांपैकी तिघे भाजून, तर सात जण धुराने गुदमरून गेल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितले होते. हा तपशील महत्त्वाचा आहे. बहुतेक बळी ज्वाळांचे नव्हे, धुराचे होते. आणि बंद खोली धुराने भरायला काही मिनिटेच लागतात. बंब कितीही वेगाने धावला तरी ती मिनिटे त्याच्या हाती नसतात.

१२/ वाडीची आग अतिदक्षता विभागातील वातानुकूलन यंत्रातून सुरू झाल्याचे प्राथमिक वृत्त होते. वाडी अमरावती मार्गावर, महानगराला चिकटलेली. पण तिची नगर परिषद वेगळी. शहर वाढते तेव्हा वस्ती, दुकाने, दवाखाने आधी जातात. अग्निशमन केंद्र आणि तपासणी मागाहून. अनेक उपनगरांची हीच कहाणी आहे.

१३/ राजवाड्याजवळ नळ नव्हता, ही १८६४ ची मर्यादा होती. २०२१ मध्ये नळ, विद्या, कायदा सारे होते. ज्या शहरात कापसाच्या डोक्यावर एकोणिसाव्या शतकात पाणी टांगले गेले, त्याच्याच परिसरात आजारी माणसांना बंबाची वाट पाहावी लागली. गाठी जळाल्या तर कोणाचे किती बुडाले, हे त्याच दिवशी कळत असे. रुग्णाच्या बाबतीत हा हिशेब दुर्घटनेनंतर, चौकशीत आणि भरपाईच्या घोषणेत मांडला जातो.

१४/ एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल उभा आहे. पण तिचा धडा कालबाह्य झालेला नाही. रुग्णालयात, अभ्यासिकेत, शिकवणीच्या वर्गात गेल्यावर एकदा छताकडे पाहावे, बाहेर पडण्याचा दुसरा जिना उघडा आहे का ते पाहावे आणि शेवटचे प्रमाणपत्र कोणत्या महिन्याचे आहे, हे विचारावे. जानेवारी किंवा जुलै, एवढेच उत्तर अपेक्षित आहे. (समाप्त)