नाकातील फिलर व श्वसन

शस्त्रक्रिया न करता नाकाचा आकार बदलण्यासाठी त्वचेखाली टोचलेल्या जेलचा (बहुधा हायल्युरॉनिक आम्ल) श्वासावर होणारा परिणाम. फिलरमुळे नाकाचा दांडा सरळ दिसतो, शेंडा उचलल्यासारखा वाटतो. पण आतला वाकडा पडदा वाकडाच राहतो आणि वाढलेले मांसही कमी होत नाही. त्यामुळे नाक चोंदत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडूनच तपासणी व्हावी.

श्वासाच्या दृष्टीने कळीची जागा म्हणजे नाकाची अंतर्गत झडप. पडदा व वरची बाजूची कूर्चा यांच्यातील हा कोन जेमतेम १० ते १५ अंशांचा असतो. तिथे भराव वा सूज आली तर हवेची वाट अरुंद होते. उलट, याच जागी नेमकेपणाने थोडे जेल भरून कोन रुंदावल्याने काही रुग्णांना मोकळा श्वास घेता आला आहे. हा लाभ तात्पुरता असतो.

नाक घडवताना श्वासाची वाट राखण्याचे भान आपल्याकडे जुने आहे. पुण्यात कावसजी या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या त्वचेतून पुन्हा घडवले गेले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये छापलेल्या त्या वृत्तांतात नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापड घालण्याचा उल्लेख आहे.

फिलरचा सर्वांत गंभीर धोका मात्र श्वासाचा नव्हे, रक्तवाहिनीचा आहे. जेल रक्तवाहिनीत शिरल्यास त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. हायल्युरॉनिडेज हे विकर हायल्युरॉनिक जेल विरघळवते. ते हाताशी नसलेल्या ठिकाणी हा उपचार घेऊ नये.