दांडा तसाच राहू द्या: कृत्रिम खांद्याचा इतिहास

पॅरिस, १८९३. क्षयाने खांदा पोखरलेल्या ३७ वर्षांच्या एका रुग्णाने हात कापून घेण्यास नकार दिला. तेव्हा शल्यविशारद ज्यूल-एमिल पेआँ यांनी जे. पोर्टर मायकेल्स या दंतवैद्याकडून कृत्रिम सांधा घडवून घेतला. दंडाच्या हाडाच्या जागी प्लॅटिनमची नळी आणि तिच्या वर पॅराफिनने कडक केलेला रबराचा गोळा, अशी त्याची रचना होती. दंतवैद्यच का? कवळ्या घडवणाऱ्यांना रबर आणि धातू दोन्ही हाताळता येत असत. मायकेल्स यांचे नाव आज फारसे घेतले जात नाही, हा अन्यायच.

हात वाचला, पण प्रतिजैविकांचे युग अद्याप दूर होते. जंतुसंसर्ग हटेना. सुमारे दोन वर्षांनी सांधा काढावा लागला.

न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर यांनी १९५० च्या दशकात धातूचे डोके आणि हाडाच्या पोकळीत बसणारा दांडा असा एकसंध सांधा रूढ केला. परंतु खांद्याची उखळ अतिशय उथळ असते. गोळा तिच्यात धरून ठेवण्याचे काम रोटेटर कफ हा चार स्नायूंचा समूह करतो. तो निकामी झाला की कृत्रिम डोके वर सरकते आणि हात उचलता येईनासा होतो.

यावर दिजाँच्या पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये सांधाच उलटा केला: गोळा खांद्याच्या पात्यावर, वाटी दंडावर. फिरण्याचे केंद्र आत आणि खाली सरकल्याने डेल्टॉइड स्नायूला अधिक तरफ मिळाली व कफविना हात उचलला जाऊ लागला.

मात्र ज्यांच्या हाडात जुना दांडा आधीच घट्ट बसला होता, त्यांचे काय? उलटा सांधा हवा, तर दांडा उपटणे भाग होते. सिमेंटने चिकटलेला किंवा हाडाने धरलेला दांडा सहज निघत नाही. प्रसंगी हाड उभे चिरावे लागते. ते मोडण्याची भीती असते, रक्तस्रावही वाढतो. उतारवयातील रुग्णाला हे फार महाग पडते.

डोके आणि दांडा सुटे करणारी मॉड्युलर रचना आली, आणि तिच्यातूनच पुढे परिवर्तनीय सांधा घडला. यात दांडा हाडातच राहतो. डोके काढून त्या जागी वाटी बसवली जाते, आणि पात्यावर गोळा.

अर्थात, यालाही एक अट आहे. पहिल्या शस्त्रक्रियेत दांडा उंच बसला असेल, तर वाटीसाठी पुरेशी जागाच उरत नाही. मग सांधा परिवर्तनीय असूनही हाड चिरून दांडा काढावाच लागतो.